निळ्या शर्टाची ओळख

शर्ट कोणत्या रंगाचा होता, हे दोन दिवसांत कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

विचारायची गरजही पडली नव्हती. कॉलरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे दोन उभे टाके आणि त्यांना छेदणारा एक आडवा, ही खूण बाबांनी इस्पितळाच्या मागच्या खोलीत पाहिली, "आमच्या घड्याळजींचा शर्ट," एवढंच म्हणाले आणि बचावपथकाच्या साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही उरलं नव्हतं. घड्याळजींच्या बायकोला तिच्या भावाने आत जाऊ दिलं नाही. धुलाईवाल्यांची खूण बाबांच्या आजोबांपासून कधी चुकलेली नाही, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना बाबा स्वतः सांगत.

मागच्या गल्लीतली चार मजली इमारत परवा सकाळी पावणेसातला खाली बसली. दुसरा शब्द नाही. थकलेलं माणूस बसावं तशी ती जागच्या जागी बसली, आणि धूळ खाली यायच्या आत वस्तीतला प्रत्येक जण हाताला येईल ते घेऊन तिकडे धावला होता. त्या इमारतीतल्या तेवीस बिऱ्हाडांचं जगात जे काही शिल्लक होतं, ते आता या धुलाईघरात होतं. आठवड्याच्या सुरुवातीला धुवायला आलेले कपडे. पहिल्याच दुपारी बाबांनी फर्मान काढलं की बाहेरचं सगळं काम बंद, आधी ही तेवीस गाठोडी. जे जगले त्यांना नेसतं वस्त्र मिळायला हवं, आणि जे गेले त्यांचं त्यांच्या माणसांच्या हाती नीट घडी घालून जायला हवं. त्यात इस्पितळाच्या चादरी आल्या, शाळेत उतरलेल्या लोकांची पांघरुणं आली. बॉयलर परवापासून विझला नव्हता.

शाळेतली व्यवस्था बाबांच्या मुलीने, म्हणजे थोरल्या सुनेच्या नणंदेने, अंगावर घेतली होती. तिचा नवरा म्हणे, ही बाई घरात पाण्याचा तांब्या उचलत नाही आणि तिथे दीडशे माणसांची जेवणं उभी करते. नवऱ्यांनी असं म्हणायचंच असतं. बॉयलर विकून नवी यंत्रं घ्यायची की नाही, यावरून गेल्या वर्षी तिचं आणि तिच्या भावाचं जे बिनसलं, त्यानंतरचा अबोला मात्र या धांदलीतही शाबूत होता. दोघं एकमेकांशी थोरल्या सुनेमार्फत बोलत, आणि थोरली दोघांचे निरोप निम्मे गाळून पोचवी. धाकटी जाऊ परगावी गेल्याला सहा वर्षं झाली होती, तरी हिचं थोरलीपण काही सुटलं नव्हतं. कपड्यांवर खुणा घालायचं कामही बाबांनी डोळे अधू झाल्यावर तिच्याच हाती दिलं होतं.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला ती गाठोडी लावत होती, तेव्हा बाबा दारात आले.

"घड्याळजींच्या बाईंनी शर्ट मागवलाय. उद्या सकाळी देह ताब्यात देणार आहेत त्यांच्या. अंगावर धड काहीतरी असावं म्हणतायत. पांढरा दे त्यांचा. कडक इस्त्री करायला सांग अक्काला."

"देते."

"निळा तर गेलाच. तोच होता अंगावर."

थोरलीचा हात गाठोड्याच्या गाठीवर तसाच राहिला. "कुठला निळा?"

"आकाशी गं. बारीक रेघांचा. त्यांचा दुसरा कुठला निळा आहे?"

"बाबा, त्याची बटणं..." तिने आवाज जमेल तेवढा सरळ ठेवला. "सगळी सारखी होती?"

बाबांनी चष्मा वर सरकवला. मेलेल्या माणसाची बटणं विचारणारी सून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. पण बटण म्हटल्यावर धंद्यातला माणूस जागा झालाच. "चौथं काळं होतं. तिथेही मला खटकलं. असलं काम आपल्या घरातून जात नाही. बाहेर कुणाकडून लावून घेतलं असेल."

ते गेले. थोरली गाठोड्यावरच बसली.

ते काळं बटण तिने लावलं होतं, मंगळवारी संध्याकाळी. निळं सापडेना आणि भोंग्याला घाई होती.

भोंगा म्हणजे अक्काचा भाऊ. अक्का या घरात बावीस वर्षं इस्त्री करत होती, आणि भाऊ तिने पोटच्या पोरासारखा वाढवला होता. आवाज असा की तिसऱ्या गल्लीत ऐकू यावा, म्हणून भोंगा. बत्तीस वर्षांचा, हाताने चांगला ड्रायव्हर, पण गेले आठ महिने घरी बसलेला. मंगळवारी अक्का निघून गेल्यावर तो मागच्या दाराने आला. परगावच्या एका मोठ्या कंपनीत मुलाखत होती. अंगातला शर्ट दाखवून म्हणाला, "वहिनी, हा बघून ते मला गाडी पुसायला ठेवतील. एक दिवसाचा प्रश्न आहे."

गिऱ्हाईकाचा कपडा अंगाला लावायचा नाही. या घरात सुना आल्या की चहाच्या आधी हा नियम ऐकत. थोरलीने तो ऐकला होता, मुलांना ऐकवलाही होता. आणि तरी तिने दोरीवरून आकाशी शर्ट काढला, कारण माप जुळत होतं, घड्याळजी शनिवारशिवाय कपडे न्यायला येत नसत, आणि भोंगा आठ महिन्यांत पहिल्यांदा हसत होता. बुधवारी पहाटे साडेपाचला तो येऊन शर्ट घालून गेला. "मागच्या गल्लीत पाऊल टाकू नकोस," असं तिने बजावलं होतं. "सहाची बस पकडतो," असं तो म्हणाला होता. बस चुकली असेल, नाहीतर भाडं वाचवायचं असेल. मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याचा दोस्त टेम्पोवाला राहायचा. त्याला उठवायला गेला असणार. टेम्पोवाला अजून बेशुद्ध होता, सांगणार कोण?

दोन दिवस अक्का म्हणत होती, फोन लागत नाही, गाडीवर ट्रायलला घेतलं असेल. थोरली तिला दुजोरा देत होती. मनापासून देत होती, हे आता आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली, आणि ती उठून उभीच राहिली.

ढिगाऱ्यात अडकलेल्यांच्या यादीत चौतीस नावं होती. जिवंत आणि मेलेले मिळून चौतीसही जुळले होते. म्हणून तर आज पाच वाजता मोठी यंत्रं लावून स्लॅब उचलायचं ठरलं होतं. हाताने खणणं बंद. भोंगा त्या यादीत नव्हताच. मग शर्टातला माणूस भोंगा असेल, तर घड्याळजी कुठे होते?

भिंतीवर सव्वातीन झाले होते.

* * *

धुलाईघरात गुपित बोलायची जागा एकच, कपडे धुणाऱ्या मोठ्या ढोलाची खोली. ढोल फिरत असला की शेजारचं माणूसही ओरडून बोलावं लागतं, आणि भिंतीपलीकडे इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या अक्काला काही कळत नाही. थोरलीने नवऱ्याला तिथे गाठलं. सगळं सांगून होईपर्यंत सासूबाई साबण घ्यायला आत आल्या, त्यांनाही पहिल्यापासून सांगावं लागलं. आणि शाळेतून चादरी न्यायला आलेली नणंद चौथी जागा अडवून उभी राहिली.

"तुझी खात्री आहे?" नवऱ्याने विचारलं.

"बटण मी लावलंय. त्यानंतर तो शर्ट घड्याळजींकडे परत गेलेला नाही. आणखी कशी खात्री हवी?"

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुम्हाला पहिलं."

तो ढोलाच्या काचेकडे बघत राहिला. आत पांढऱ्या चादरी गरगरत होत्या. "हे बघ, नीट ऐक. साडेछप्पन तास झालेत. चार मजल्यांखाली इतका वेळ कोण जगतं?"

"काल शिंपीणबाई निघाल्या."

"त्या वरच्या मजल्यावर होत्या. अंगावर नुसती पत्र्याची शेड होती. घड्याळजी कुठे होते ते तरी ठाऊक आहे?"

"बाई म्हणाल्या होत्या," थोरली म्हणाली, "की ते साडेसहालाच खाली गेले होते. जिन्याखालच्या टपरीत, घड्याळांना चाव्या द्यायला. आपणच म्हटलं, वर येताना जिन्यात सापडले असतील. जिन्याखाली अजून कुणी पोचलेलं नाही हो."

सासूबाईंनी साबणाची परात खाली ठेवली.

"दुसरंही एक आहे," तो म्हणाला. "बाबांनी खुणेवरून सात जण ओळखलेत, एकटे घड्याळजी नव्हे. आज आपण म्हणायचं एक चुकला. उरलेले सहा काय करतील? आमचाही पुन्हा बघा म्हणतील. आमचाही जिवंत असेल म्हणतील. सहा घरांना खोटी आशा लावायची? दोन दिवस रडून ती माणसं आत्ता कुठे घोटभर पाणी प्यायला लागलीत."

नणंदेने मान वर केली आणि वर्षभरात पहिल्यांदा भावाशी थेट बोलली. "तो बरोबर बोलतोय. म्हणजे, तू बरोबर बोलतोयस. मी रोज त्यांच्यात वावरते. आणि वहिनी, सही बाबांची आहे. खोटी ओळख पटवली म्हणून चौकशी लागली, तर या वयात त्यांना ठाण्यात बसवायचं का?"

"वन्सं, तुम्हीपण?"

"मी काय दगड आहे? मला का वाटत नाही? पण आधी शंभर टक्के ठरव."

"शंभर टक्के ठरवायला पथक जिन्याखाली जायला हवं ना. पाचनंतर काय बघणार, सपाट झाल्यावर?"

"अगं, पण तू..." नवऱ्याने आवाज खाली आणला, मग ढोलामुळे पुन्हा वर नेला. "शर्ट तू दिलास हे लोकांना कळलं की कपडे कोण देणार आपल्याकडे? म्हणतील, आमचे घालून मिरवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मुठीत माणूस आहे," सासूबाई म्हणाल्या.

तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी सुनेची बाजू उघडपणे घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. स्वतः थोरलीलाही नाही.

"तुम्ही तिघं पाच वाजेपर्यंत बोलत राहाल," त्या म्हणाल्या, "आणि मग म्हणाल, आता काय उपयोग. मला तुमची पद्धत ठाऊक आहे. बॉयलरचंही असंच केलंत."

"आई, अक्काचं काय?" नणंदेने विचारलं. "ती भिंतीपलीकडे घड्याळजींच्या अंगावर घालायचा शर्ट इस्त्री करतेय. तिला जाऊन काय सांगायचं? की तो ज्याच्यासाठी..."

नेमका तेव्हाच ढोल थांबला. पाणी उतरायच्या आधी तो असा मिनिटभर थांबतो, हे त्या घरात जन्मलेल्या माणसांच्याही ध्यानात राहिलं नाही. सगळे जिथल्या तिथे गप्प झाले. पलीकडे इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला. अक्का खाकरली.

दारात बाबा उभे होते. शर्ट झाला का हे बघायला आले होते. किती वेळ उभे होते, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

ढोल पुन्हा फिरायला लागला तेव्हा ते आत आले आणि दार लोटून घेतलं.

"कुणी दिला?"

"मी," थोरली म्हणाली.

या घरात बाबांचा राग वाफेसारखा होता. दिसायचा कमी, भाजायचा जास्त. थोरली मान खाली घालून उभी राहिली. तिला रागाची भीती नव्हती. घड्याळाची होती. बाबा बोलून होईपर्यंत दहा मिनिटं जाणार, हा हिशेब तिच्या डोक्यात चालला होता आणि त्याची लाजही वाटत होती.

"अहो," सासूबाई मध्ये पडल्या, "ओरडायचंच असेल तर माझ्यापासून सुरुवात करा. बहिणीकडे गेले होते तेव्हाची राखाडी शाल डॉक्टरीणबाईंची होती."

बाबांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"शाळेच्या नाटकातला कोट वकिलांचा होता," नणंद पुटपुटली. "आणि याला कशाला वाचवू? कॉलेजची तीन वर्षं हा स्वतःचा शर्ट घालून गेलेला नाही."

"तुला कोण विचारतंय?" भाऊ म्हणाला.

"फोटो आहेत माझ्याकडे."

बाबा ढोलावर हात टेकून उभे राहिले. एवढा मोठा नियम घरभर नुसता टांगून ठेवलेला होता, त्याखालून सगळे वाकून जात होते, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते बायकोला म्हणाले, "तुझ्या वडिलांना भेटायला आलो, त्या दिवशीची पँट माझी नव्हती."

"ठाऊक आहे. घोट्यापर्यंतही पोचत नव्हती."

"तिचा मालक रस्त्यात समोर आला होता. पँटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गेला. त्या रात्री नियम केला." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "मी खूण बघितली आणि माणूस बघितला नाही. घड्याळजींच्या उजव्या अंगठ्याचं नख चिरलेलं आहे, तीस वर्षं मला ठाऊक आहे. मी हात बघायलाही गेलो नाही. मला काय गर्व होता त्या दोन टाक्यांचा."

ढोल फिरत होता.

"सही माझी आहे. मीच जाऊन खोडणार. तू पुढे पळ," ते मुलाला म्हणाले. "तुझे पाय माझ्यापेक्षा जोरात चालतात. साहेबांना सांग, एकही यंत्र चालू करू नका, जिन्याखाली माणूस असेल. म्हातारा मागून येतोय, तो सगळं सांगेल."

"आणि उरलेले सहा?"

"सहांच्याही घरी मीच जाईन. पुन्हा बघेन. या वेळी हात-पाय, दात, नखं, सगळं. शिव्या देतील, खाऊन घेईन."

"बाबा, आणि नाही निघाला जिवंत तर? सगळं घालवून बसायचं आणि..."

"नाही निघाला तर नाही निघाला. पण यंत्राखाली नको."

मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने कमरेचं रबरी फडकं सोडलं, ते नीट टांगायचीही सवय विसरला, आणि मागच्या दाराने धावत सुटला. नणंदही बाबांचा हात धरून निघाली. दारातून वळून म्हणाली, "घड्याळजींच्या बाईंपाशी आत्ता कुणी काही बोलू नका. काही कळलं, तर मी सांगेन."

"अक्काला मी सांगते," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरून कळायला नको. आत्ता पाच मिनिटांत गल्लीभर होईल."

"नको आई," थोरली म्हणाली. "मी दिला. मीच सांगते."

* * *

इस्त्रीच्या खोलीत गरम कापसाचा वास होता. अक्का टेबलापाशी उभी होती आणि पांढऱ्या शर्टाच्या कफावर इस्त्रीचं टोक फिरवत होती. कफ तिने दोनदा केला होता. तिसऱ्यांदा पाणी शिंपडत होती.

"झाला बघ," ती म्हणाली. "बाबांना म्हणावं हातात नेऊ नका, पुठ्ठ्यावर घालून न्या. आणि मघापासून आत काय चाललंय गं तुमचं? तो पळत कुठे गेला?"

"मागे गेलेत. साहेबांकडे."

"आणखी कुणी सापडलं का?"

अक्काने कॉलर उलटी केली, लाल टाक्यांवरून इस्त्री हलकेच फिरवली. "भोंग्याची नोकरी ठरली ना, की पहिल्या पगारात आधी दोन शर्ट घ्यायला लावणार आहे. असले. माणसात दिसायला नको का? मी म्हटलं होतं त्याला, मुलाखतीला तरी एक घे. नाही म्हणाला, जमवतो मी काहीतरी."

"अक्का, इस्त्री खाली ठेव."

"का गं?"

"ठेव ना. बटण बंद कर."

अक्काने तिच्याकडे नीट पाहिलं. मग इस्त्री उभी केली आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. बावीस वर्षांत काम अर्धं असताना तिने ते कधी बंद केलं नव्हतं.

थोरलीने सांगितलं. फिरवून फिरवून सांगायचं तिने येताना ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. शर्ट मी दिला, म्हणाली. आकाशी. घड्याळजींचा. बाबांनी जो बघितला तो तोच. चौथं बटण काळं आहे, मी लावलेलं. अक्का, तो घड्याळजींचा देह नाही.

अक्का ऐकत होती. टेबलाच्या कडेवर तिची बोटं एका जागी थांबली होती.

"तो तर सहाच्या बसने गेला," ती म्हणाली.

"टेम्पोवाल्याकडे गेला असेल."

"मला सांगून गेला होता, सहाची बस."

"मलाही तेच म्हणाला."

"माझ्यापासून लपवून नेला शर्ट?"

"तू ओरडली असतीस त्याला."

"ओरडलेच असते," अक्का म्हणाली. बाहेर, भिंतीमागच्या गल्लीत, यंत्रांचा घरघराट चालू होता. पाचची तयारी चालली असणार. नवरा पोचला की नाही, साहेबांनी ऐकलं की नाही, काहीच कळायला मार्ग नव्हता. थोरलीचा अर्धा जीव तिकडे होता आणि अर्धा इथे. आपण या बाईसमोर उभ्या राहून दुसऱ्याच माणसाच्या जिवाची वाट बघतोय, हे तिला सहन होत नव्हतं.

"मला मार अक्का. शिव्या दे. काहीतरी कर."

"बसला होता का त्याला?" अक्काने विचारलं.

"काय?"

"शर्ट. मी बघितलाच नाही ना."

"खांद्यात अगदी बरोबर होता. बाह्या बोटभर लांब झाल्या, त्या मी दुमडून दिल्या."

"कसा दिसत होता?"

थोरलीला आता पुढचं दिसेना. "मी म्हटलं त्याला, भोंग्या, तुला बघून ते उठून उभे राहतील. तर आरशात बघून म्हणाला, वहिनी, गाडी चालवायला ठेवतील ना, की गाडीच देतील?"

अक्काच्या तोंडावर हसू आलं, आणि आलं तिथेच मोडलं. तिने छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

त्याच वेळी मागच्या गल्लीत लांबलचक शिट्टी वाजली.

परवापासून वस्तीत तान्ह्या पोरालाही त्या शिट्टीचा अर्थ कळत होता. बचावपथकाची लांब शिट्टी म्हणजे सगळं बंद. यंत्रं, गाड्या, फोन, बोलणं. कुणी खोकायचंही नाही. ढिगाऱ्याखाली कान लावलेत. एकापाठोपाठ एक यंत्र विझत गेलं. सासूबाईंनी आत ढोल बंद केला. बॉयलरची वाफसुद्धा कुणीतरी कोंडली. इस्त्रीच्या खोलीच्या खिडकीला लागूनच ती गल्ली होती. इथला आवाज तिथे सरळ जात होता.

अक्काचं तोंड उघडंच होतं. आतलं सगळं घशाशी आलेलं थोरलीला दिसत होतं. आणि मग अक्काने टेबलावरचं ओलं फडकं उचललं, तोंडात कोंबलं आणि दातांनी दाबून धरलं. दुसऱ्या हाताने तिने थोरलीचं मनगट पकडलं. ती थरथरत होती, पण आवाज एवढासाही फुटू देत नव्हती. थोरलीने तिला मिठी मारली. टेबल हलू नये म्हणून दोघी हळूहळू जमिनीवर बसल्या.

वेळ किती गेला ते सांगता येणार नाही. इतकी शांतता त्या वस्तीने कधी ऐकली नव्हती. इस्त्री निवताना आतल्या आत टिकटिक करत होती, तीही थोरलीला मोठी वाटत होती. अक्काची नखं तिच्या मनगटात रुतली होती. अक्का डोळे मिटून, फडक्यावर दात रोवून, खिडकीच्या दिशेने कान देऊन बसली होती. तीही ऐकत होती.

मग दोन आखूड शिट्ट्या आल्या.

दोन आखूड म्हणजे आवाज आलाय. यंत्रं बंदच ठेवा, हाताने खणा. बाहेर एकदम माणसं धावायला लागली. टोपल्या मागवल्या जात होत्या. कुणीतरी घड्याळजींच्या बायकोला हाक मारत शाळेच्या दिशेने पळत गेलं, आणि तो आवाज थोरलीला नणंदेचा वाटला.

अक्काने तोंडातलं फडकं काढलं.

"आता रडले तर चालेल ना?" तिने विचारलं.

थोरलीने मान डोलावली, आणि मग अक्का रडली.